शरदातली भाजीची पेटी: आधी काय संपवायचं, काय ठेवून खायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतल्या काही घरांनी मिळून मुरबाडकडच्या एका शेतकरी कुटुंबाशी जूनमध्ये हंगामाचा वाटा ठरवला. पैसे आधी भरले, दर शनिवारी भाजीची पेटी घरपोच येते. पावसाळाभर हौसेने चाललं. आता पितृपक्ष उलटला आणि पेटीतून पडवळ, शिराळी, घोसाळी, अळूची जुडी, मनगटाहून जाड पिवळी काकडी, अख्खा लाल भोपळा, मातीने माखलेला सुरण असं काय काय निघतंय. घरात दोघं नोकरी करणारे, शाळेत जाणारा मुलगा आणि नगरकडच्या सासूबाई. बुधवारपर्यंत निम्मी भाजी मऊ पडते आणि टाकताना जीव तुटतो. ताई विचारतात, शेतकऱ्याला फ्लॉवर, मटार, गाजर लावायला सांगावं का, की वाटाच सोडून द्यावा?

वाटा सोडू नका, ताई. ठाण्यात अशा पेट्यांचं वाटप मी बरीच वर्षं बघते आहे. लोक गळतात ते नेमके आश्विन-कार्तिकात, आणि शेतातून सगळ्यात जास्त तऱ्हेचा माल याच दोन महिन्यांत येतो. वेलांना शेवटचा बहर असतो, कंद तयार होऊ लागतात, भात कापणीला येतं. अडचण मालात नाही. अडचण ही की आपण बाजारात करतो तसा आधी बेत ठरवतो आणि मग भाजी शोधतो. वाट्याच्या पेटीत हे उलटं करावं लागतं. आधी पेटी बघायची, कुठली भाजी किती दिवस धरेल ते ओळखायचं आणि त्यावरून आठवड्याचा स्वयंपाक ठरवायचा. ही एक सवय लागली की टाकणं जवळजवळ थांबतं.

आधी फ्लॉवर-मटारचं सांगते. फ्लॉवर, कोबी, गाजर, मटार ही थंडीची पिकं. आपल्याकडे फ्लॉवर-कोबीची रोपं पाऊस ओसरल्यावर टाकतात, तीन-चार आठवड्यांनी ती वाफ्यात जातात आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी गड्डा धरतो. म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या शेतावरचा फ्लॉवर डिसेंबरच्या आत मिळणं अवघड. ऑक्टोबरात जांभळी नाक्यावर जो फ्लॉवर दिसतो तो घाटावरून, नाशिक-पुण्याकडून किंवा त्याहून लांबून आलेला असतो. तो खाण्यात वावगं काहीच नाही, हवा तर एखादा विकत घ्या. पण मुरबाडच्या शेतकऱ्याकडे त्याचा हट्ट धरलात तर तो बिचारा बाजारातून आणून पेटीत घालेल, आणि मग वाट्याला काही अर्थच उरणार नाही.

आता शनिवारची संध्याकाळ. पेटी आली की तशीच फ्रिजमध्ये ढकलू नका. ऑक्टोबरात आपल्याकडे उकाडाही असतो आणि हवेत दमटपणाही. पेटीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेली पालेभाजी एका रात्रीत काळी पडते. अर्धा तास काढा. सासूबाईंना निवडायला द्या, मुलाला बरोबर बसवा. माठ, चवळई, अंबाडी, कोथिंबीर जे असेल ते न धुता निवडायचं. कुजकं पान काढून टाकायचं, बाकीचं कोरड्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळून डब्यात ठेवायचं. धुवायचं ते चिरायच्या आधी. भेंडी ओली आली असेल तर पुसून ठेवा, आणि तिचं टोक मोडून बघा. कटकन मोडलं तर ती भाजीची. वाकलं तर जून झाली, तिचे दाणे काढून आमटीत घाला. हंगाम संपत आला की जून भेंडी जास्त निघते, यात शेतकऱ्याची हयगय नसते. पिकलेली केळी आणि पपई पालेभाजीपासून लांब ठेवा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने पाला लवकर पिवळा पडतो.

पालेभाजी आणि अळू शनिवार-रविवारीच संपवा. अळूची जुडी बुधवारपर्यंत ठेवायचीच नाही. पानं मोठी, करकरीत आणि देठ काळपट असतील तर वड्या, नाहीतर फदफदं: चणाडाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, चिंच-गूळ. अळू आणि सुरण घशाला खाजतात ते त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. चिंच, आमसूल, ताक असं काही आंबट घालून नीट शिजवलं की त्रास राहत नाही. घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच खाव्यात.

रविवार ते बुधवार वेलभाज्यांचे. तुमची खरी पंचाईत इथेच आहे असं दिसतं, म्हणून जरा थांबते. पडवळ, शिराळी, घोसाळी, दुधी, कारली, काकडी हे सगळं मांडवावरचं आणि सगळं पाण्याने भरलेलं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगलं राहतं, पुढे पिचतं. यातली कुठलीही भाजी चिरण्याआधी दोन्ही टोकांचा छोटा तुकडा काढून जिभेला लावून बघा. कारल्याचा कडूपणा वेगळा. पण दुधी, शिराळं, पडवळ, काकडी कडूजहर लागली तर ती शिजवूनही खायची नाही, सरळ टाकायची. वेलाला ताण पडला किंवा बियाणं बिघडलं की या भाज्यांत कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं वाढतात आणि ती विषारी असतात. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनीही कडू रस पिऊ नका असंच बजावलं होतं. चव बघायला दोन सेकंद लागतात, ते वाचवू नका.

शिराळ्याचं घ्या. हातात धरून बघा, शिरा धारदार आणि अंग लवचिक असेल तर कोवळं. सोलाण्याने फक्त वरच्या शिरा खरवडा आणि त्या ताटलीत बाजूला ठेवा, फेकू नका. कढईत चमचाभर तेल, त्यात त्या शिरा बारीक चिरून मंद आचेवर परतत राहायच्या. आधी पाणी सुटतं, मग ते आटतं, मग कडा तपकिरी होऊन शिरा कुरकुरायला लागतात. इथपर्यंत धीर धरायचा, कारण अर्धवट परतलेल्या शिरांची चटणी चिवट होते. मग त्यात तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं, दोन मिनिटांनी लाल तिखट, मीठ, चिमूटभर साखर. गार झाली की खलबत्त्यात जाडसर कुटा. भाकरीबरोबर ही चटणी आणि वर कच्चं तेल. ज्या घरांत शिराळ्याला हात लावत नाहीत तिथेही ही चटणी त्याच दिवशी संपलेली मी पाहिली आहे.

राहिलेल्या गराची भाजी कोकणी पद्धतीनेच झाली पाहिजे असं कोणी सांगितलंय? सासूबाई नगरकडच्या, तर त्यांच्या हाताला जे येतं ते करू द्या. दोडका कांदा-लसणावर परतून, काळा मसाला आणि दाण्याचं कूट घालून त्या करतील ती भाजी घरात खाल्ली जाईल, आणि खाल्ली जाणं महत्त्वाचं. पेटीतली भाजी अनोळखी असली तरी मसाल्याचा डबा आपलाच असतो. पडवळालाही हेच लागू. मधला कापसासारखा गर बोटाने काढून चकत्या करायच्या, मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पिळून घ्यायच्या, म्हणजे त्याचा उग्र वास जातो. मग चणाडाळ घाला, नाहीतर कडव्या वालाच्या डाळिंब्या. या दिवसांत मिळणारे वाल मागच्या हंगामाचे सुके असतात, ते भिजवून मोड आणून सोलावे लागतात, म्हणून हा बेत सुट्टीच्या दिवशीचा. घोसाळी मुलाच्या हवाली करा: गोल चकत्या, बेसनात तांदळाचं थोडं पीठ, ओवा, आणि भजी. भज्यांमध्ये बटाट्याहून घोसाळं सरस, हे माझं ठाम मत आहे. आतून ते लोण्यासारखं होतं.

ती पिवळी जाड काकडी म्हणजे तवसं. कोशिंबिरीला ती जून लागते म्हणून लोक नाकं मुरडतात. पण कोकणात ती मुद्दाम वेलावर पिकू देतात, कारण तिचा धोंडस करायचा असतो. सालं आणि बिया काढून किसा, सुटलेलं पाणी टाकू नका. तांदळाचा रवा कोरडाच हलका भाजून घ्या. किसाच्या दीड-दोन वाट्यांना वाटीभर रवा, पाऊण वाटी गूळ, ओलं खोबरं, चवीपुरतं मीठ, वेलची. पातेल्यात काकडी-गूळ उकळला की रवा घालून घट्ट होईपर्यंत ढवळा. मग तूप लावलेल्या जाड बुडाच्या भांड्यात थापा, झाकण घाला, खाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास राहू द्या. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत. आता ओव्हनमध्येही छान होतो. वड्या पाडून डब्यात न्यायला उत्तम. मुलाला केक म्हणून दिलात तरी चालेल.

गुरुवारनंतर ठेवणीतला माल काढायचा. भोपळा, सुरण, रताळी, कोनफळ यांची घाई करूच नका. लोक नेमकं उलटं करतात. भोपळा मोठा दिसतो म्हणून आधी तो कापतात आणि तोवर माठ सडतो. देठासकट, न खरचटलेला लाल भोपळा घरात हवेशीर जागी महिनाभर सहज राहतो, बहुतेकदा त्याहून जास्त. जमिनीवर थेट ठेवू नका, खाली गोणपाट किंवा पाट घाला. सुरणही न धुता, मातीसकट, टोपलीत. रताळ्याला फ्रिज मुळीच मानवत नाही. थंडीने ते आतून कडक आणि बेचव होतं. शिवाय नुकतं खणलेलं रताळं फारसं गोड नसतं. आठ-पंधरा दिवस सावलीत राहू दिलं की त्यातल्या पिठाची साखर होत जाते. नवरात्राच्या उपासासाठी हवी असतील तर रताळी आधीच्या पेटीतून बाजूला काढून ठेवावीत. कोनफळं आणि करांदे मात्र अजून थोडे थांबतील. त्यांचे वेल पिवळे पडल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे, ते खणायला घेतात.

सुरणाला घाबरू नका. हाताला तेल लावा, साल जाड काढा, अर्ध्या इंचाचे काप करा. पाण्यात मीठ आणि चार-पाच आमसुलं घालून काप उकळा. सुरी सहज आत गेली पाहिजे, पण काप मोडता कामा नये. निथळून हळद-तिखट-मीठ लावा, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवा आणि तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. ज्या घरांत मासे खातात त्यांना हा प्रकार शिकवावा लागत नाही, मसाला तोच.

भोपळा कापला की एका दिवसात संपत नाही, हे खरं. चार किलोचा भोपळा चौघांच्या घरात आणून कापण्याऐवजी मजल्यावरच्या तीन घरांनी वाटून घ्यावा. एका फोडीचं भरीत करा: वाफवून कुस्करायचा, दही, मीठ, साखर आणि वरून हिंग-मेथीदाण्याची फोडणी. दुसऱ्या फोडीचे घारगे: किसून गुळात शिजवायचा, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ, पाणी अजिबात नाही. घारगे तीन-चार दिवस टिकतात. बिया धुऊन वाळवून भाजून ठेवा.

भाताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वाट्यातली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. हळवं भात दसऱ्याच्या आसपास कापतात, गरवं दिवाळीच्या पुढेमागे. कोजागरीची पौर्णिमा कोकणात नव्याची पौर्णिमा म्हणून पाळतात, नव्या तांदळाचा भात करतात, दाराला लोंब्यांचं तोरण बांधतात. तुमच्या शेतकऱ्याकडे नवे तांदूळ असतील तर थोडे मागून घ्या, नव्या भाताचे पोहेही मिळतात का विचारा. फक्त शिजवताना लक्षात ठेवा, नवा तांदूळ पाणी कमी पितो. जुन्याला दुप्पट पाणी घालत असाल तर याला दीडपटीपासून सुरुवात करा. तो मोकळा होणार नाही. पुलावासाठी जुनाच ठेवा. नव्याची पेज करा, मऊ भात करून वर तूप-मीठ-मेतकूट घाला, पिठी करून उकडीला वापरा. चिकटपणामुळे उकड छान मळली जाते. हातसडीचा घेतलात तर दोन-तीन किलोच घ्या, कारण त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि फार दिवस ठेवला तर खवट वास येतो.

पलीकडच्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून सोसायट्यांमध्ये सगळे तोच मागतात. वाडा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, आता पालघरमध्ये आहे. कोलम उत्तमच, पण तुमच्या शेतकऱ्याच्या बांधातला जो वाण असेल तो आधी खाऊन बघा. डोंगरउताराला नाचणी आणि वरी असेल तर तीही याच दिवसांत कापतात. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हाच्या कितीतरी पट. सासूबाईंच्या भाकरीत निम्मी नाचणी जाऊ द्या.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात मनाला लागणार नाही. कापणी सुरू झाली की पेटी हलकी होते. शेतावरची सगळी माणसं कापणी, भारे बांधणी, झोडणी यांत गुंतलेली असतात, भाजी तोडायला हात उरत नाहीत. त्यात परतीचा पाऊस. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबई-ठाण्यातून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण तो त्या तारखेला बांधील नसतो. कापून पसरलेल्या भातावर एक जोराची सर पडली की दाणे भिजतात, उशीर झाला तर लोंबीतच मोड येतात. त्या आठवड्यात पेटीत एक भोपळा, पाव किलो चवळीच्या शेंगा आणि झेंडूची चार फुलं आली, तर तेवढंच शेतात होतं असं समजा. आगाऊ पैसे भरण्याचा अर्थच हा, की चांगल्या आठवड्यासारखा वाईट आठवडाही वाटून घ्यायचा. जपानात १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ म्हणून आणि अमेरिकेत १९८६ पासून ही पद्धत उभी राहिली ती याच कबुलीवर. आणि त्या शेतकऱ्यासाठी हे पैसे किती मोठे असतात! जूनमध्ये हातात आलेल्या रकमेतून बी-बियाणं आणि लावणीची मजुरी भागते, सावकाराच्या दारात जावं लागत नाही.

सतत कमी माल येत असेल, बाहेरून आणलेला माल मिसळला जात असेल, तर मात्र बोला. त्यासाठी एकदा सगळ्यांनी मिळून शेतावर जा. कल्याण-मुरबाड रस्त्याने सकाळी लवकर निघालात तर दुपारपर्यंत बांधावर फिरून होतं. कुठला वेल संपत आलाय, कुठला वाफा रोपांसाठी तयार केलाय, फ्लॉवरची रोपं किती मोठी झालीत, हे डोळ्यांनी दिसलं की पेटीवरून होणारी निम्मी कुरबुर आपोआप मिटते. मुलाला नक्की न्या.

सोसायटीत अदलाबदलीचं एक टेबलही ठेवा. शनिवारी पेट्या उघडल्या की ज्याला जे नको ते तासभर टेबलावर. कुणाला कारली नकोत, कुणाकडे रोज कारलं लागतं. यात पैशाचा व्यवहार आणू नका, भाव ठरवत बसलात की भांडणं होतात. टेबलावर उरलेलं सफाई कामगार आणि वॉचमन यांना संध्याकाळीच द्या, ताजं असताना. सोमवारी सुकलेलं देऊ नका.

दिवाळीत गावी जाणार असाल तर शेतकऱ्याला आठवडाभर आधी कळवा. त्या शनिवारचा पाला आणि वेलभाज्या शेजारच्या घरी उतरवायला सांगा, सुरण-रताळी पुढच्या पेटीबरोबर मागून घ्या. तांदळाची आणि पोह्यांची मागणीही तेव्हाच नोंदवा. आणि कापणीनंतर भाताच्या खाचरात उरल्या ओलीवर तो वाल पेरणार आहे का, हेही विचारून ठेवा. पेरणार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतल्या ओल्या शेंगांसाठी तुमच्या घराचं नाव आत्ताच लावा.